क्लासिक धाटणीची मोटारसायकल : नवी घ्यावी की वापरलेली?

गोल हेडलाइट, थेंबाच्या आकाराची टाकी, तारांची चाके आणि संथ ठोक्याचे एक सिलिंडर. अशीच मोटारसायकल घ्यायची हे मनात पक्के झाले, की सल्ले सुरू होतात. घरचे म्हणतात, नवी घे, कटकट नको. मित्र म्हणतात, जुन्या बुलेटची धडधड नव्या गाडीत नाही. ओळखीचा मेकॅनिक म्हणतो, एक गाडी आहे माझ्या बघण्यात. गंमत अशी, की हे सगळे बहुतेक वेळा वेगवेगळ्या यंत्रांबद्दल बोलत असतात. म्हणून नवी की जुनी हे ठरवण्याआधी आपण कुठल्या इंजिनाबद्दल बोलतो आहोत ते ठरवायला हवे. इथे आपण रॉयल एन्फिल्डच्या ३५० सीसी गाड्यांचे उदाहरण घेऊ, कारण जुन्या बाजारात या प्रकारातल्या सर्वांत जास्त गाड्या त्यांच्याच असतात.

सर्वांत जुनी पिढी ‘कास्ट आयर्न’ इंजिनाची, म्हणजे बिडाच्या सिलिंडरची. १९५५ साली मद्रासमध्ये ज्या बुलेटची जुळणी सुरू झाली, तिचेच हे इंजिन किरकोळ बदलांनिशी साधारण २०१० च्या सुमारापर्यंत चालले. त्यात इंजिन वेगळे आणि गिअरबॉक्स वेगळा. बहुतेक गाड्यांत गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असतो. दुसरी कुठलीही गाडी चालवलेल्या माणसाला आधीची सवय मोडायला वेळ लागतो, आणि अचानक ब्रेक मारायची वेळ आली की पाय जुन्या सवयीनेच हलतो. हे हसण्यावारी नेऊ नये.

ही गाडी सुरू करणे हेसुद्धा शिकावे लागते. चावी फिरवली की हेडलाइटवरच्या अँपिअर मीटरचा काटा एका बाजूला झुकतो. किक हळूहळू दाबत गेले की तो पुन्हा मध्यावर येतो, म्हणजे पिस्टन दाबाच्या टोकाशी आला. मग डाव्या हाताजवळची छोटी डीकॉम्प्रेशनची खिटी ओढून सिलिंडरमधला दाब सोडायचा, किक जरा पुढे सरकवायची, खिटी सोडायची, किक वर येऊ द्यायची आणि मग एकच पूर्ण, न घाबरता मारलेली किक. हे न करता नुसत्या लाथा मारत राहिले तर किक उलटी येते आणि पिंडरी किंवा घोटा दुखावतो. ज्याला यात आनंद वाटतो त्यानेच या पिढीकडे जावे.

दुसरी पिढी यूसीई इंजिनाची. यात इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच कवचात आले. २००९ च्या अखेरीस आलेल्या क्लासिकमध्ये हेच इंजिन होते, ३५० मध्ये ३४६ सीसीचे. यातले टॅपेट, म्हणजे झडपा ढकलणाऱ्या दांड्यांचा जोड, तेलाच्या दाबावर आपोआप जुळतात, त्यामुळे ते वारंवार जुळवून घ्यावे लागत नाहीत. सेल्फ आहे, किकही आहे, गिअर डाव्या पायाला आहेत. जुन्या बाजारात आपल्याला दिसतील त्यातल्या बऱ्याच गाड्या याच.

तिसरी पिढी ‘जे-सिरीज’. हे ३४९ सीसीचे इंजिन नोव्हेंबर २०२० मध्ये मीटिऑरमधून आले, सप्टेंबर २०२१ मध्ये क्लासिक ३५० ला मिळाले, पुढे हंटरला आणि २०२३ मध्ये बुलेटलाही. यात बॅलन्सर शाफ्ट आहे, म्हणजे इंजिनाची थरथर मारणारा एक जादा फिरता दांडा. सत्तर-ऐंशीच्या वेगाला आरसे आणि पावदान पूर्वीसारखे थरथरत नाहीत. मात्र या इंजिनाला किक नाही. बॅटरी उतरली तर गाडी ढकलून सुरू करायची, आणि क्लासिकचे वजन १९५ किलो आहे. शोरूममध्ये हे सहसा कुणी आपणहून सांगत नाही.

होंडाची हायनेस सीबी३५०, २०१८ मध्ये परतलेली जावा आणि २०२२ मध्ये परतलेली येझदी यांनाही पुढचे जवळजवळ सगळे लागू पडते. मात्र या गाड्यांची सर्व्हिस सेंटर आपल्या गावापासून किती लांब आहेत ते आधी पाहावे. म्हैसूरच्या जुन्या, टू-स्ट्रोक जावा-येझदी हा वेगळाच विषय आहे. त्या छंद म्हणून घ्याव्यात, रोज कामावर जायला नव्हे.

आता आपला वापर पाहू. गाडी रोज कामावर न्यायची आहे, घरात तीच एक दुचाकी आहे, आणि गॅरेजमध्ये दोन दिवस अडकली तर खोळंबा होतो, असे असेल तर कास्ट आयर्न बाजूला ठेवावी. रविवारी सकाळी ताम्हिणी किंवा माळशेज घाटात जाऊन यायचे, एरवी स्कूटर आहेच, अशी स्थिती असेल तर जुनी गाडी शोभते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे जवळ कोण आहे. बिडाचे इंजिन कानाने ओळखणारे मेकॅनिक कोल्हापूर, पुणे, नाशिक अशा शहरांत अजून आहेत, पण कमी होत चालले आहेत. आपल्या तालुक्यात असा माणूस नसेल, तर कितीही देखणी जुनी बुलेट मिळाली तरी ती उभीच राहील.

ब्रेकचा मुद्दा वेगळा काढून सांगतो, कारण किमतीच्या नादात तो मागे पडतो. १२५ सीसीवरच्या नव्या दुचाकींना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचे झाले. एबीएस म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊन घसरू न देणारी व्यवस्था. पहिल्या पावसात डांबरावर तेलाचा तवंग येतो तेव्हा तिची किंमत कळते. वापरलेली यूसीई घ्यायचीच असेल तर मी एबीएस असलेलीच घ्यायला सांगेन. पाच-दहा हजार जास्त गेले तरी चालतील.

पेट्रोलचाही विचार करावा. आता पंपावर मिळते ते वीस टक्के इथेनॉल मिसळलेले असते. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांचे भाग त्या मिश्रणाला टिकतील असे बनवलेले असतात. त्याआधीच्या, विशेषतः कार्ब्युरेटरच्या गाड्यांत रबरी नळ्या आणि वॉशर लवकर कडक होऊ शकतात. इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते, म्हणून महिनोन्‌महिने उभ्या गाडीची टाकी आतून गंजते. जुनी गाडी पाहताना टाकीचे झाकण उघडून मोबाइलच्या उजेडात आत बघावे. तळाशी तपकिरी भुकटी दिसली तर टाकी साफ करून घेण्याचा आणि कार्ब्युरेटर उघडण्याचा खर्च धरूनच बोलावे.

यानंतर पैशाचा हिशोब. तो करताना लोक नव्या गाडीची ऑन रोड किंमत आणि जुन्या गाडीची मागितलेली किंमत शेजारी ठेवतात. ही तुलनाच अपुरी आहे. नव्या गाडीच्या किमतीत एकरकमी रस्ता कर, नोंदणी आणि पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा आलेला असतो. जुन्या गाडीच्या किमतीवर नावावर करण्याचा खर्च, नवा विमा आणि पहिल्या दोन महिन्यांची दुरुस्ती चढते. दोन्ही टायर, चेन-स्प्रॉकेट, बॅटरी, ब्रेक पॅड, क्लच प्लेट यांतले काय काय लगेच बदलावे लागेल ते मेकॅनिककडून लिहून घ्यावे, आणि ती रक्कम मागितलेल्या किमतीत मिळवून मगच तुलना करावी. कर्ज काढणार असाल तर जुन्या गाडीला व्याजाचा दर साधारणपणे जास्त लागतो, हेही धरावे.

इथे एक गोष्ट खरेदी करणारे आणि विकणारे दोघेही विसरतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. एक्स शोरूम दोन लाखांना मिळणारी गाडी केवळ या बदलाने सुमारे साडेपंधरा हजारांनी उतरते, आणि त्या किमतीवर बसणारा रस्ता करही त्या मानाने कमी होतो. पण २०२३ मध्ये गाडी घेतलेला विक्रेता आपण मोजलेल्या पैशांतून घट धरतो. ‘मला दोन तीसला पडली, एक ऐंशीला देतो,’ असे तो प्रामाणिकपणे म्हणेल. आपण मात्र आज त्याच मॉडेलची नवी गाडी आपल्या गावात ऑन रोड कितीला पडते, ते शोरूममधून लेखी आणावे आणि तिथून खाली मोजायला सुरुवात करावी. (३५० सीसीच्या वरच्या गाड्यांचे उलटे झाले, त्यांच्यावरचा कर ४० टक्के झाला. चाकणला बनणारी ट्रायम्फची ३९८ सीसीची स्पीड ४०० त्यात येते.)

घट किती धरावी? विमा कंपन्यांचे जुने कोष्टक इथे उपयोगी पडते. त्यात एक ते दोन वर्षांच्या गाडीला २० टक्के, दोन ते तीनला ३० आणि तीन ते चारला ४० टक्के घट धरतात. बुलेट बाजारात याहून जास्त भाव टिकवते, त्यामुळे या आकड्यावर गाडी मिळेलच असे नाही. पण घासाघीस कुठून सुरू करायची ते त्यावरून कळते.

माझे मत इथेच सांगून टाकतो. एक-दोन वर्षांची, जे-सिरीजची वापरलेली गाडी नव्याच्या ऑन रोड किमतीपेक्षा वीस-पंचवीस हजारांनीच स्वस्त मिळत असेल तर नवी घ्यावी. तेवढ्या फरकासाठी पूर्ण वॉरंटी आणि पहिल्या मालकाचा निवांतपणा सोडू नये. वापरलेली घेण्यात खरा फायदा आहे तो चार-सहा वर्षांच्या, एबीएस असलेल्या, एकाच हातात राहिलेल्या यूसीईत. किंवा मग त्या जुन्या बिडाच्या इंजिनावर मनापासून जीव असेल तर, आणि तेव्हा पैसे वाचवण्याची भाषा करू नये.

वापरलेली गाडी बघायला जाताना विक्रेत्याला आदल्या दिवशीच सांगावे की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोहोचल्याबरोबर इंजिनाच्या कवचाला हात लावून पाहावा. ते कोमट लागले तर आधीच सुरू करून ठेवलेली आहे, म्हणजे थंड गाडी सुरू व्हायला त्रास देत असण्याची शक्यता आहे. अशा वेळी भांडू नये, संध्याकाळी पुन्हा यावे.

थंड गाडी सुरू करताना कान आणि डोळे दोन्ही उघडे ठेवावेत. सेल्फ दाबल्यावर मोटर नुसतीच घरघरते, इंजिन फिरत नाही, किंवा लोखंडावर लोखंड खरवडल्याचा आवाज येतो, तर यूसीई गाडीत स्प्रॅग क्लच गेलेला असू शकतो. स्प्रॅग क्लच म्हणजे सेल्फच्या मोटरची ताकद एकाच दिशेने इंजिनाला देणारा भाग. अशक्त बॅटरीवर वारंवार सेल्फ मारल्याने तो खराब होतो. त्यासाठी इंजिनाची एक बाजू उघडावी लागते, म्हणून हे काम महागात जाते. विक्रेता ‘बॅटरी डाऊन आहे’ म्हणून किक मारून दाखवत असेल, तर चार्ज केलेली बॅटरी लावून सेल्फ दाखवायला सांगावे.

मग धूर. गार सकाळी सायलेन्सरमधून थोडी पांढरी वाफ येऊन थांबली तर ती पाण्याची. निळसर धूर येत राहिला तर इंजिन तेल जाळते आहे, म्हणजे पिस्टन रिंग किंवा झडपांचे सील झिजले आहेत. तेलाची पातळी पाहायला इंजिनाच्या उजव्या बाजूला काचेची छोटी खिडकी असते. गाडी मधल्या स्टँडवर सपाट जागी लावून ती पाहावी. बिडाच्या जुन्या इंजिनाखाली तेलाचा एखादा डाग असणारच. यूसीई किंवा जे-सिरीजच्या खाली असेल तर कारण विचारावे.

पुढचे चाक उचलून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळू फिरवावे. मध्यावर खाचेत बसल्यासारखे अडकले तर कोनसेट, म्हणजे हँडलच्या मानेतल्या बेअरिंगच्या वाट्या, गेला आहे. पुढच्या शॉकअपच्या चकचकीत नळीवर बोट फिरवावे. तेल लागले तर सील गेले. टायरच्या बाजूवर चार आकडी तारीख असते, पहिले दोन आकडे आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. नक्षी भरपूर शिल्लक असली तरी सहा-सात वर्षांपूर्वीचा टायर बदलायचाच.

गाडी पुरात बुडालेली नाही ना, हे आपल्याकडे मुद्दाम तपासावे लागते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूण-महाडला पुराचे पाणी घराघरांत शिरले, तिथे दारातल्या गाड्या कुठून वाचणार? नंतर अशा गाड्या धुऊन-पुसून दूरच्या जिल्ह्यांत विकल्या जाऊ शकतात. रंग नवा करता येतो, पण हेडलाइटची वाटी उघडून आतल्या तारांच्या गुंत्यात पाहिले की सुकलेल्या गाळाचा पातळ पिवळट थर सापडतो. सीट काढून बॅटरीच्या डब्याच्या कोपऱ्यातही तसेच पाहावे. कोकण-गोव्यातल्या गाड्यांना खाऱ्या हवेचा गंज तारांच्या टोकांना आणि सायलेन्सरच्या खालच्या बाजूला आधी लागतो.

गोव्यात भाड्याने दिल्या जाणाऱ्या गाड्यांची पाटी काळी आणि अक्षरे पिवळी असतात. त्या पुढे खासगी नोंदणीवर आणून विकल्या जातात. रोज नवा स्वार, नवखा क्लच, किनाऱ्यालगतची वाळू, एवढे त्या गाडीने सोसलेले असते. किलोमीटर कमी दिसले तरी अशी गाडी मी टाळायला सांगेन. आरसीच्या इतिहासात ती नोंद सापडते.

चालवून पाहताना विक्रेत्याच्या गल्लीतच फिरू नये. पंधरा-वीस मिनिटे, एखादा चढ आणि मोकळा रस्ता मिळेल असे जावे. गिअर आपोआप सुटतो का, ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते का, गरम झाल्यावर बंद करून पुन्हा सुरू होते का, एवढे पाहावे. आवाजाचा सायलेन्सर लावलेला असेल तर मूळ सायलेन्सर मागून घ्यावा. पोलीस असे सायलेन्सर जप्त करून रोडरोलरखाली चिरडतात, आणि दंड आपल्याला बसतो.

इंजिन पसंत पडले तरी विसार देण्याआधी कागद. माझ्या पाहण्यात वापरलेल्या गाडीचे सौदे इंजिनापेक्षा कागदांवरून जास्त बिघडतात. इंजिन पैसे टाकून दुरुस्त होते, पण पत्ता बदललेला, फोन न उचलणारा मूळ मालक सापडत नाही.

गाडीचा नंबर एमपरिवहन ॲपमध्ये टाकला की नोंदणीची तारीख, कर्जाचा बोजा, विमा आणि पीयूसीची मुदत दिसते. मालक कितवा तेही आरसीवर असते. थकीत ई-चलन वेगळे पाहावे. आरसीवरचा चासी नंबर हँडलच्या मानेजवळ कोरलेल्या नंबराशी आणि इंजिन नंबर कवचावरच्या नंबराशी आपण स्वतः, अक्षर अक्षर ताडून घ्यावा. खोडलेला किंवा पुन्हा ठोकलेला वाटला तर तिथूनच परत फिरावे.

बोजा असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन तो आधी उतरवायला सांगावे. ‘हप्ते संपलेत, नुसते नाव राहिले आहे’ यावर समाधान मानू नये. गाडी नावावर करायला विक्रेत्याचा फॉर्म २९ आणि दोघांच्या सह्यांचा फॉर्म ३० लागतो, दुसऱ्या आरटीओच्या हद्दीतली गाडी असेल तर फॉर्म २८ वर ना-हरकत दाखला. परराज्यातली गाडी महाराष्ट्रात कायमची आणली तर इथला कर पुन्हा भरावा लागतो. कर्नाटक किंवा गोवा पासिंगची स्वस्त गाडी तिथेच महाग पडते.

जुन्या बुलेटच्या बाबतीत मूळ मालक वारलेला असणे हे नेहमीचे आहे. मुलगा गाडी दाखवतो, आरसी वडिलांच्या नावावर. अशा वेळी आधी फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर व्हायला हवी आणि मग आपल्या. लष्कराच्या लिलावातून आलेल्या गाडीला फॉर्म ३२ आणि लिलावाचे मूळ कागद लागतात. पंधरा वर्षे झालेल्या गाडीच्या नोंदणीचे पुढच्या पाच वर्षांसाठी नूतनीकरण केलेले आहे का आणि पर्यावरण कर भरला आहे का ते पाहावे. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवली आहे का, तेही.

सर्वांत मोठी चूक म्हणजे सह्या केलेल्या कोऱ्या फॉर्मांवर गाडी घेऊन ‘नंतर नावावर करू’ म्हणणे. नाव न बदलता गाडी तीन हातांतून जाते आणि चौथ्याला कळते की सही जुळत नाही. विक्रेत्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत कळवायचे असते आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. निम्मी-अधिक रक्कम देऊन बाकीची अर्जाची पावती हातात आल्यावर द्यावी. जुन्या गाड्यांच्या दुकानातून घेत असाल तर तो विक्रेता परिवहन खात्याकडे अधिकृत नोंदलेला आहे का ते विचारावे, २०२३ पासून तसा नियम आहे.

विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा. पॉलिसी जुन्या मालकाच्या नावावर राहिली आणि गाडी पडली किंवा चोरीला गेली, तर आपल्या नुकसानीचा दावा फेटाळला जातो. नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, तो जुन्या मालकाचाच राहतो, त्यामुळे हप्ता जरा वाढतो.

नवी गाडी घ्यायचे ठरले तर काळज्या कमी, पण आहेत. शोरूमचा विमा घ्यायची सक्ती नसते, बाहेरून दर काढून पाहावा. क्रॅश गार्ड, सीट कव्हर, कोटिंग असे जे हवे तेवढेच घ्यावे, ‘पॅकेज’ नाकारता येते. पासिंगला देण्याआधी गाडी स्वतः पाहून निर्मितीचा महिना, टायरची तारीख आणि चासी नंबर टिपून घ्यावा. पावसाळाभर गोदामात उभी राहिलेली गाडी असेल तर तारांच्या चाकांवर आणि बोल्टांवर गंजाचे ठिपके आधी दिसतात. तारांच्या चाकात ट्यूब असते, ती पंक्चर झाल्यावर चाक काढावे लागते. लांबच्या प्रवासाचा विचार असेल तर ट्यूबलेस टायरची, अलॉय चाके असलेली आवृत्ती बरी पडते.

पहिल्या ५०० किलोमीटरला गाडी एकाच वेगात खेचू नये, वेग कमी-जास्त करत न्यावी आणि पहिली सर्व्हिस चुकवू नये. तेव्हा निघालेल्या जुन्या तेलात नव्या भागांची घासलेली बारीक भुकटी असते, ती आत फिरत राहू देणे चांगले नाही. वापरलेली गाडी घेतली असेल तर हाच पहिला खर्च आपणही करावा. विक्रेता कालच तेल बदलले म्हणाला तरी तेल, तेलाचा फिल्टर आणि एअर फिल्टर आपल्या मेकॅनिकसमोर बदलून घ्यावे, चेन साफ करून घट्ट करावी आणि त्या दिवशीचे किलोमीटर वहीत लिहून ठेवावेत.